ग्रहणातली गाठ

गल्लीत भांडण लागलं की लोक बसव्वाला बोलवायला यायचे, आणि बसव्वा येताना दिसली की भांडणारे दोघंही आपापल्या घरात पळायचे. असली तिची जीभ. नवरा गेला तेव्हा पदरात आठ वर्षांची रक्षिता आणि परड्यात दोन जुने माग, एवढंच होतं. त्या दोनाचे तिनं सहा केले. शाळा तिसरीपर्यंत, ती पण अर्धी. पण मागावर तार तुटली की ती अशी बांधायची की कापडावरनं हात फिरवणाऱ्याला गाठ लागत नसे. इचलकरंजीत माग हजारांनी, पण अशी बोटं फक्त आपलीच, असं ती सांगायची. दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबणाऱ्यांतली ती नव्हती.

पंचमीला लेक माहेरी येते ती पिशवी घेऊन. २००४ साली रक्षिता आली ती ट्रंक घेऊन.

शिरोळची जीप दारात थांबली. पुढनं व्याही बाळाप्पा उतरले, मागनं जावई प्रभुलिंग, आणि सगळ्यांत शेवटी पोराला काखेत धरून रक्षिता. पोरगं अमरेश, साडेचार वर्षांचं. उतरल्या उतरल्या ते आईच्या काखेतनं निसटलं आणि शेडमध्ये जाऊन मागाच्या फिरत्या चाकासमोर बसलं. आजीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"विहीणबाई, पोरगी तुमची, तुमच्याकडं ठेवून घ्या," बाळाप्पा टेकायच्या आधीच बोलले. "नातू आई म्हणत न्हाय, पाणी म्हणत न्हाय, हाक मारली तर मान वळवत न्हाय. आमच्या सात पिढ्यांत असलं कोण झालं न्हाय. खाण तशी माती, दुसरं काय?"

"खाण कुणाची काढताय, पावणं?" बसव्वानं हातातली सुताची कांडी खाली ठेवली. "चहा प्यायच्या आधी खाण काढली, म्हणजे घरनंच पाठ करून आलाय की."

"पाठ कशाला पायजे? पोरगं समोर बसलंय."

"माझ्या सासरी न्हाय आणि माहेरी पण न्हाय. मुका न्हाय, खुळा न्हाय, कोण न्हाय."

"शपथ घ्या मग."

शेडमधल्या बायकांनी माग बंद केले. बसव्वानं गळ्यातली चांदीची डबी काढली, उघडली, आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. रोज सकाळी ज्याची पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, ते लिंग. "माझ्या रगतात असलं पोरगं कधी झालेलं न्हाय," ती म्हणाली. हात जरासुद्धा हलला नाही.

बाळाप्पांनी हात जोडले. माणूस तिखट होता, पण देवाला भिणारा. "बरं. मग डॉक्टरच्या तोंडनं पण एकदा वदवू. कोल्हापुरात शाहूपुरीत एक डॉक्टरीण हाय, असल्या पोरांचीच. दोष पोरीकडचा न्हाय असं तिनं म्हटलं, की हीच ट्रंक मी डोक्यावर घेऊन शिरोळला जातो. प्रभुलिंगाला दुसरी बघत फिरायची हौस मला न्हाय."

ते गेले. बसव्वानं डबी परत गळ्यात घातली. ती तिला कधी जड लागली नव्हती. आज मानेत रुतत होती.

कारण भाऊ होता. मल्लाप्पा. मल्लू. बसव्वापेक्षा पाच वर्षांनी धाकटा. तो बोलत नसे, डोळ्याला डोळा देत नसे, दिवसभर विहिरीवरच्या चाकाखाली बसून वर बघायचा. चाक फिरलं की दोन्ही हात पाखरागत हलवायचा. बसव्वा चौदा वर्षांची असताना तिला बघायला पावणे यायचे होते. बापानं मल्लूला मळ्यातल्या खोपीत कोंडलं, बाहेरनं कडी घातली. असलं पोरगं दिसलं तर पोरीला कोण करून घेणार? पावणे आले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली. संध्याकाळी बाप खोपीवर गेला तर कूड मोडलेला होता. कृष्णा दोन्ही काठ भरून चालली होती. तिसऱ्या दिवशी मल्लू खाली सहा कोसांवर सापडला. लग्न ठरलेलं, म्हणून कोणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्या घरात मल्लू हे नावच राहिलं नाही. बसव्वानं चाळीस वर्षं ते तोंडातनं काढलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही.

आणि याच्यावर तिनं अजून एक पाप केलं होतं.

रक्षिताला पाचवा महिना चालू होता तेव्हाची गोष्ट. पंचमीसाठी ती आधीच माहेरी आलेली. दिव्याची आवस होती, आणि दिवस मावळायच्या आधी सूर्याला ग्रहण लागलं. सगळ्या गल्लीनं दारं लावून घेतली. बसव्वाचे माग चालूच. "आपल्यात सुतक न्हाय आणि गिराण पण न्हाय, आपल्या गळ्यात लिंग हाय," असं म्हणून ती मिरवायची. तेवढ्यात एका मागावर तार तुटली. बसव्वा दुसऱ्या टोकाला होती. रक्षितानं सवयीनं माग थांबवला, दोन टोकं धरली आणि गाठ मारली. झालं एवढंच. गर्भारशीनं ग्रहणात गाठ मारू नये, कापू नये, शिवू नये, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि विषय सोडला.

अमरेश दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. वेखंड उगाळून मधातनं जिभेवर लावून झालं, देवाला पितळेची घंटा बांधून झाली. शेवटी एक दिवस रक्षितानं रडत विचारलं, "अव्वा, असं कशानं झालं गं?" तेव्हा बसव्वाच्या डोळ्यांपुढं विहिरीवरचं चाक फिरलं. आणि ते झाकायला म्हणून जीभ बोलून गेली, "गिराणात गाठ मारलीस की. पोराच्या जिभेला बसली ती."

बोलून गेली ती गेलीच. परत घेणं बसव्वाला कधी जमलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते बरं पडलं. गाठीवर भार टाकला की मल्लूचं नाव काढावं लागत नव्हतं.

त्या दिवसापासून रक्षितानं गाठ मारणं सोडलं. परकराच्या नाडीला गाठीऐवजी पिन. केसांना अंबाडा नाही. शिरोळच्या घरात धान्याच्या पोत्याची सुतळी, पाळण्याची दोरी, देवाच्या हाराचा दोरा, दिसेल ती गाठ सोडत ती हिंडायची. सासू म्हणायची, पोरगं तसलं आणि आई असली. माहेरच्या शेडमध्ये तर ती पाऊलच टाकत नसे. उंबऱ्यावर बसून पोराला बघायची, वाळून काटकी झालेली.

दुसऱ्याच दिवशी सगळे शाहूपुरीत गेले. डॉक्टरीण क्रांती तिशीची, केस कापलेले, आवाज मऊ. बसव्वाला आधी ती पसंत पडली नाही. तासभर ती जमिनीवर बसून अमरेशपुढं एक लाकडी चकरी फिरवत होती. बाळाप्पा आणि प्रभुलिंग भिंतीला खुर्चीत. मग ती उठली आणि म्हणाली, "ऐकू नीट येतं याला. जिभेतही काही नाही. याला स्वमग्नता म्हणतात. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे."

"माझा नातू येडा न्हाय," बसव्वा म्हणाली.

"मी वेडा म्हटलंच नाही, आजी."

"मग डोक्यातल्या तारा तुटल्यात व्हय?"

"तुमचे माग आहेत, असं ऐकलं. मग तुम्हाला पटकन कळेल." डॉक्टरीण तिच्यासमोर येऊन बसली. "तारा शाबूत आहेत. पण मेंदूतल्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या नसतात, दोघींच्या मधे बारीक फट असते. अलीकडच्या पेशीतून एक प्रथिन बाहेर डोकावतं, पलीकडच्या पेशीतून दुसरं. दोघं एकमेकांना धरतात." तिनं स्वतःची बोटं एकमेकांत अडकवली. "असं धरलं, की तिथला जोड नीट घडतो आणि निरोप जायला लागतो. लहानपणी असे जोड मोजता येणार नाहीत इतके होतात. कुठला टिकवायचा, कुठला सोडायचा, कुठल्या निरोपाला जोर द्यायचा आणि कुठला दाबायचा, हे बरंचसं त्या धरण्यावर ठरतं."

"आणि ह्येचं?"

"नक्की माहीत नाही. पण काही मुलांमध्ये यातलं एक प्रथिन घडतानाच वाकडं घडतं आणि पेशीच्या आतच अडकून पडतं. बाहेर येतच नाही. समोरची पेशी हात पुढे करून बसलेली, आणि इकडून तो धरायला कोणी नाही."

बसव्वानं मान खाली घातली. खोपीचा मोडलेला कूड तिला दिसला. त्यातनं पुढं आलेला हात दिसला.

"औषध?" प्रभुलिंगनं विचारलं. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द.

"औषध नाही. शिकवणं आहे. रोजचं, वर्षानुवर्षांचं. त्यानं फरक पडतो." डॉक्टरीण रक्षिताकडं वळली. "असे दोष गेल्याच वर्षी परदेशात भावाभावांमध्ये सापडलेत. पुष्कळ मुलांत कारण हे नसतं, किंवा सापडतच नाही. पण हे असलं, तर ते आईकडून मुलाकडे येतं. आईला काही होत नाही, कारण बायकांकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी भागवून नेते. मुलग्याकडे एकच. यात दोष कुणाचाच नसतो, डोळ्यांचा रंग यावा तसं ते येतं. म्हणून विचारते. तुमच्या आईकडे असा कोणी मुलगा होता? मामा, आजीचा भाऊ, कोणीही? असेल तर रक्त कुठे पाठवायचं आणि काय शोधायचं, ते मला ठरवता येईल."

बाळाप्पांनी सगळ्यातनं एकच शब्द उचलला, आईकडून. ते बसव्वाकडं बघत होते. प्रभुलिंग बघत होता. रक्षितासुद्धा. आणि तिच्या डोळ्यांत बसव्वाला भलतंच काहीतरी दिसलं. पोरगी आशेनं बघत होती. कोणीतरी असू दे, एवढंच ती मागत होती.

"कोण न्हाय," बसव्वा म्हणाली. "शपथ घेतलीय मी."

"मग त्या वाटेनं शोधण्यात फारसा अर्थ नाही," डॉक्टरीण म्हणाली आणि कागदावर काहीतरी खोडलं.

रक्षिता हळूच बोलली, "डॉक्टर, गिराणात गाठ मारली तर असं होतंय?"

"छे! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

रक्षितानं कुणाचं नाव घेतलं नाही. "मग आमच्यात पण कोण न्हाय. जिभेत पण काय न्हाय. म्हणजे उरलं काय? माझी गाठच की."

डॉक्टरीण समजावत राहिली. ते तिच्या कानापर्यंत गेलं नाही. जिन्यावरनं उतरताना बाळाप्पा बरे बोलले, "विहीणबाईंची शपथ खरी निघाली म्हणायची. उद्या दुपारी येतो न्यायला." ट्रंक परत जाणार, नवरा राहणार, घर राहणार. बसव्वा जिंकली होती. एस.टी.त रक्षिता खिडकीशी बसली, आणि हातकणंगले येईपर्यंत तिनं मांडीवरच्या पिशवीच्या बंदाची शिवण उसवून काढली. दोरा न् दोरा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बसव्वा मागावर होती. कांडी भरणारी बयाबाई ओच्यात सूत घेऊन आत आली आणि म्हणाली, "बसव्वाकाकू, रक्षिता पोराला घेऊन नदीकडं कुठं निघाली? हाक मारली तर वळली पण न्हाय. आज शहाण्यागत अंबाडा बांधलाय बघा."

अंबाडा. म्हणजे पोरीला आता गाठीचं भ्यावं असं काही उरलं नव्हतं. बसव्वाच्या हातातलं टोक सुटलं. पायात चप्पल न घालता ती पळाली. पंचावन्न वर्षांची, गुडघ्यातनं गेलेली बाई भर बाजारातनं पदर सावरायचं सोडून पळत होती आणि लोक बघत होते. कधी नव्हे ते तिच्या तोंडातनं कुणाला शिवी गेली नाही. तोंडात एकच शब्द होता, आणि तो चाळीस वर्षांनी आलेला होता. मल्लू, मल्लू, मल्लू.

पंचगंगेला तांबडं पाणी होतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. रक्षिता गुडघाभर पाण्यात उभी होती. अमरेश तिच्या कडेवर. लुगड्याचा पदर पोराच्या कमरेभोवती दोन वेढे घेऊन स्वतःच्या कमरेला बांधलेला. पोरगं पाण्यातल्या भोवऱ्याकडं बघून खुशीत दोन्ही हात पाखरागत हलवत होतं.

बसव्वानं मागनं तिचा अंबाडाच धरला आणि तिला वर ओढलं. तिघंही पायरीवर आपटली.

"सोड अव्वा. माझ्या गाठीचं हाय, मीच घेऊन जातो."

"गप. गप रांडं, गप." बसव्वा पदराची गाठ सोडायला लागली. ओल्या कापडाची गाठ आवळून दगड झालेली. इचलकरंजीत जिच्यासारखी बोटं नव्हती, तिची बोटं त्या गाठीवरनं नुसती घसरत होती. शेवटी तिनं दातांनी धरली. आणि दातांत गाठ धरलेली असतानाच तिला रडू फुटलं. लेकीनं आईला रडताना कधी बघितलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा.

"तुझी गाठ न्हाय, पोरी. माझं रगत हाय ते. माझा भाऊ होता."

"कोण भाऊ?"

मग ती सगळं बोलली. मल्लूचं नाव, चाक, खोपी, कडी, पोहे. पायरीवर बसून, तोंडात नदीचा गाळ असताना. अमरेश मधे दोघींना बांधलेलाच होता. "मला ठाऊक होतं. ह्येनं पहिल्यांदा चाकापुढं हात हलवले, तवाच कळलं मला. तुझी गाठ म्हणालो ते खोटं. लिंग हातात घेऊन बोललो ते पण खोटं. काल डॉक्टरपुढं पण खोटं."

 रक्षितानं हात उचलला आणि आईच्या तोंडात मारली. जोरात. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अडीच वर्षं, अव्वा," रक्षिता म्हणाली. "माझ्या केसाला मी गाठ बांधली न्हाय."

बसव्वानं गाल चोळलासुद्धा नाही.

दुपारी जीप आली. बसव्वा ओल्या लुगड्यानंच दारात उभी होती. "गाडी वळवा, पावणं. ट्रंक नंतर. आधी शाहूपुरी."

"आता आणि कशाला?"

"मला रगत द्यायचंय."

रस्ताभर ती बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर बाळाप्पांनाही विचारायचं धाडस झालं नाही. डॉक्टरणीच्या खोलीत गेल्यावर तिनं डबी उघडली आणि लिंग परत तळहातावर घेतलं. आता हात हलत होता. "परवा ह्ये हातात घेऊन खोटं बोललो. माझा धाकटा भाऊ असाच होता. ह्यो डिट्टो त्येच्यासारखा हाय."

बाळाप्पा उठून उभे राहिले. "लिंग हातात घेऊन खोटं? विहीणबाई, माणूस हाय का कोण तुमी?"

"शिव्या माझ्या मला ठाऊक हायत, तुमी नव्या काय घालणार? पण पोरीला बोलायचं न्हाय. डॉक्टरनं सांगितलं तवा कानात बोळे होते का तुमच्या? दोष कुणाचा नसतोय. कडी घालणाऱ्याचा असतोय तेवढा."

बाळाप्पा बाहेर गेले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. प्रभुलिंग दारात घुटमळला. त्यानं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि रक्षिताला म्हणाला, "पंधरा दिवसांनी येतो मी." पंधरा दिवस म्हणजे किती, हे बसव्वाला कळायचं राहिलं नव्हतं. रक्षितालाही नाही. पण तिनं त्याच्यामागं जायला पाऊल उचललं नाही.

डॉक्टरणीनं कालचाच कागद काढला. खोडलेल्या जागेवर नव्यानं आखायला लागली. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. खाली अमरेशचा काळा भरलेला चौकोन, त्यावर रक्षिताचा गोल, त्यावर बसव्वाचा. मग बसव्वाच्या शेजारी तिनं एक चौकोन काढला, तोही काळा भरला आणि दोघांच्या मधे रेघ ओढली.

"रिपोर्टला वर्षही लागेल. त्यात काही निघेलच असं नाही," ती म्हणाली. "आणि निघालं तरी याचं शिकवणं तेच राहील. उद्यापासून सुरू करायचं. भावाचं नाव काय?"

बसव्वाचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नदीकडं पळताना आलेला शब्द आता माणसांत येईना. नर्स तिच्या दंडाला पट्टा आवळत होती.

"मल्लाप्पा," रक्षिताच म्हणाली. "मल्लू म्हणायचे."

चौकोनाखाली ते नाव लिहिलं गेलं. बसव्वाला फार वाचता येत नव्हतं, पण तेवढं आलं. सुई आत गेली आणि नळीत तिचं रक्त चढायला लागलं, काळपट. ती त्याच्याकडं बघत राहिली. हेच ते.

रक्षिता अजूनही तिच्याकडं बघत नव्हती. कागदावरच्या त्या चौकोनावर नजर ठेवून तिनं विचारलं, "मामाला काय आवडायचं?"

"फिरतं काय बी," बसव्वा म्हणाली. "चाक, भोवरा, काय बी. मला लाज वाटायची म्हणून मी त्येला तितनं उठवून आत न्यायचो."

खाली जमिनीवर अमरेशला चकरी सापडली होती. ती फिरता फिरता पडली. त्यानं ती उचलली, पण त्याला ती परत फिरवता येईना. आणि मागायचं कसं, हे त्याला कुठं ठाऊक होतं? तो चकरी मुठीत धरून नुसता बसला.

रक्षिता खाली त्याच्यापुढं जाऊन बसली आणि हात पुढं करून थांबली.